मशीनच्या पोटातलं मशीन

"विंडोज पाहुण्यासारखी राहील हो भाऊजी," सूनबाई म्हणाली. "यजमान लिनक्स, आणि विंडोज तिच्या पोटात, व्हर्च्युअल मशीन म्हणून. बिघडली तर कालची प्रत उघडायची की काम सुरू."

तिने एक कळ दाबली. पडदाभर पसरलेली विंडोज आक्रसून एका चौकटीत बसली आणि मागे लिनक्स दिसू लागली. टेस्टिंगवालीने चक्क टाळ्या वाजवल्या.

भाच्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मामाची ही कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची आणि या खोलीत आजवर भाच्याचा शब्द शेवटचा असायचा. मामाची सून येऊन जेमतेम वर्ष झालं, तर मामा ऊठसूट म्हणणार, "सूनबाईला विचारू." खरं सांगायचं तर त्याचं लिनक्सशी काहीच वाकडं नव्हतं. जे काही होतं ते तिच्याशी होतं.

"मशीनमध्ये मशीन घातलं की दोन्ही रडतात, वहिनी," तो म्हणाला. "विंडोज थेट मशीनवरच हवी."

"भांडू नका," मामा म्हणाला. "मी परगावाहून आलो की दोन्ही चालवून बघू. ज्याची पद्धत सरस, ती सगळ्या खोलीला. आणि काचेची केबिनही त्याचीच."

केबिन! विभागप्रमुख निवृत्त झाल्यापासून भाचा येता-जाता त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता.

मध्यंतरी तो काही दिवस बहिणीकडे जाऊन आला. जाण्याआधी त्याचं मशीन कुरकुरत होतं. "मी बघू का?" असं सूनबाईने विचारलं, तेव्हा त्याने ठणकावलं होतं, "माझ्या मशीनला कुणी हात लावायचा नाही." तो ते कधी बंदही करत नसे; संध्याकाळी नुसता पडदा मालवायचा.

परत येऊन बसला, तर मशीन कसं पाण्यासारखं चालत होतं! कुरकुर नाही की अडखळणं नाही.

"बघा," त्याने सगळ्यांना ऐकवलं, "थोडी विश्रांती मिळाली की झालं. याला म्हणतात थेट चालणारी विंडोज!"

सूनबाईने मान खाली घालून चहा ढवळला. तिचं तोंड एवढंसं झालेलं बघून त्याला फार बरं वाटलं. दिवसभर तो जो भेटेल त्याला मशीनचं कौतुक सांगत सुटला.

मामा आला आणि सगळी खोली गोळा झाली. दोघांनी आपापल्या मशीनवर कंपनीचं एकच सॉफ्टवेअर पहिल्यापासून बांधायला, म्हणजे बिल्ड करायला, लावलं. काम किती झालं ते दाखवणाऱ्या पट्ट्या दोन्ही पडद्यांवर सरकू लागल्या. मत्सराने भाच्याचा जीव टांगणीला लागला होता. स्वतःची पट्टी सोडून तो तिचीच बघत होता. तेवढ्यात त्याच्या मशीनने टुणकन आवाज केला. झालं! तिचं जुनं मशीन अजून दळतच होतं.

भाचा खुर्चीतच फुगला. "काय वहिनी? गेला ना पाहुणचार?"

"छान झालं, भाऊजी," ती म्हणाली. "तुमचं मशीन खरंच चांगलं आहे."

हा गोडवा तर त्याला मुळीच सोसवेना. हरल्यावरही हिने शहाणपणा मिरवायचा?

"मी सगळ्यांसमोर सांगतो," तो उभा राहिला. "मशीनच्या पोटातलं मशीन या वेगाने चालताना कुणी दाखवलं, तर केबिन तुमची. वर मी मुकाट्याने तुमच्या हाताखाली काम करीन!"

"भाऊजी, असं काही बोलू नका ना."

"का? पोटात गोळा आला?"

"बाबा, जाऊ द्या," ती सासऱ्यांकडे वळली. "केबिन त्यांनाच द्या. मला नकोच आहे."

"आता कसं जाऊ देऊ? त्याने शब्द दिलाय." मामा टेबलाला वळसा घालून आला आणि भाच्याच्या कीबोर्डवर वाकला. "तू गेलास त्याच दिवशी तुझ्या मशीनने मान टाकली रे. हिने दोन रात्री जागून तुझं सगळं वाचवलं."

मामाने एक कळ दाबली. भाच्याची विंडोज आक्रसून एका चौकटीत बसली, आणि चौकटीच्या चारही बाजूंनी लिनक्स दिसू लागली.