शाल-नारळ

शाळाशाळांतून परमेश्वर पोरांना सांगत फिरायचा, "मी दारू सोडली, तुमी धरूच नका." व्यसनमुक्ती मंडळाचा तो सगळ्यात लाडका स्वयंसेवक होता.

आज तो न कळवताच वसमतच्या व्यसनमुक्ती केंद्रात आला. केंद्र चालवणाऱ्या साधनाताईंनी त्याला दारातच पाहिलं. त्यांनी उपचाराला आलेली सगळी पोरं गोळा केली, त्याच्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला.

"ताई, मी बोलायला न्हाई आलो," तो हळूच म्हणाला.

"असं काहून म्हणता दादा? ही पोरं तुमच्याकडं बघूनच दारू सोडून राहिली. बोला दोन शब्द."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.



भरती व्हायला आणलेली कपड्यांची पिशवी परमेश्वरनं पायानंच खुर्चीखाली सरकवली आणि माईक हातात घेतला.