सासऱ्यांचा दमा

सासरे पुन्हा जिन्यातच बसले. पहिल्या वळणावर, कठड्याला टेकून, छातीवर हात ठेवून.

"तूही बस गं जरा," ते म्हणाले. "एकटाच बसलो तर लोकांना वाटेल, म्हातारा आटोपला."

सूनबाई बसली. धाप तिलाही लागली होतीच. दोन्ही हातांत पिशव्या आणि पुढे हे असं माणूस, कुणाला लागणार नाही?

नवरा गेल्यापासून घरात ही दोघंच. खाली तिची बेकरी, वर बिऱ्हाड. सासऱ्यांनी उभा जन्म बस चालवली, कधी शिंक म्हणून आली नाही, आणि आता म्हातारपणी हा दमा! खोकला तर असा, की त्यापेक्षा बसचा हॉर्न परवडला. तिच्याही छातीत अधूनमधून सर्दी उतरायची. पण डॉक्टरचं नाव काढलं की तिचं उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय!"

नणंदेने फोनवर बजावलंच होतं, "वहिनी, खाली पीठ, भट्टी, धूर. बाबांना तिथे उतार पडायचा कसा? लवकर बरं वाटलं नाही तर मी त्यांना घेऊन जाईन."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच सूनबाई धास्तावली. तिला माहेर उरलं नव्हतं. वडील म्हणून जे काही होतं, ते हेच. हे गेले तर वर जाऊन बोलायचं कुणाशी? भिंतींशी?

म्हणून तिने त्यांना योगाच्या वर्गाला घातलं. ती नुसती सोडायला गेली होती, पण सासरे अडून बसले.

"आधी तू करून दाखव. मग मी."

पाठ ताठ, खांदे सैल, श्वास सावकाश सोडायचा. सूनबाईने करायचं आणि सासऱ्यांनी परीक्षकासारखं न्याहाळत बसायचं. त्यांची पाळी आली की कंबर धरायची, नाहीतर पायात गोळा यायचा.

"आजोबा, दुसऱ्याचं बघून दमा जात नाही," योगाच्या बाई हसल्या. "आणि हे औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे. डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दाखवू की. हिला एकदा नीट जमू दे."

'हिला' कशाला जमायला हवं, हे सूनबाईला कळेना. पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार!

घरी तर आणखीच तऱ्हा. तिच्या पदरावर पीठ दिसलं की त्यांना उबळ यायची. शेवटी तिने कणीक मळायचं काम कारागिराकडे दिलं, तोंडाला फडकं बांधलं आणि स्वतः काउंटर सांभाळायला लागली. एवढं करून सासऱ्यांचा खोकला जसाच्या तसा. झोप मात्र तिलाच लागायला लागली. पहाटे घुसमटून जाग यायची तीही थांबली. दिवसभर दमलेला जीव, दुसरं काय!

त्यातच समोरच्या न्हाव्याने विचारलं, "सासरेबुवा काल बसमागे काय सुसाट पळाले हो! दमा होता ना त्यांना?"

"दुसरं कुणी असेल," ती म्हणाली. पण मनात पाल चुकचुकली. न्हाणीघरातून शीळ ऐकू यायची, ती दारापाशी गेली की शिळेचा खोकला व्हायचा. हे ढोंग तर नाही? छे, छे. आणि ढोंग करतील कशाला?

मग तिला एकदम लख्ख कळलं. त्यांना लेकीकडे जायचं होतं. सुनेला तोंडावर सांगवत नव्हतं, म्हणून दम्याचं निमित्त. तिला रडूच आलं. एवढं करूनसुद्धा आपण परक्याच!

त्याच आठवड्यात कारागिराने दांडी मारली. सूनबाईने स्वतः पोतं फोडलं, कणीक मळली. संध्याकाळी ती टेबल धरून उभी होती, श्वास आत जाईना की बाहेर येईना. दारात सासरे. सगळीकडे पीठ उडालेलं, पण ते एकदाही खोकले नाहीत. पांढरेफटक पडून नुसते तिच्याकडे बघत राहिले.

चोरी पकडली गेली की माणसाचा चेहरा असाच होतो, तिला वाटलं.

जरा बरं वाटल्यावर तिने विचारलंच, "बाबा, ताईंकडे जायचंय का तुम्हाला? सरळ सांगा. मी अडवणार नाही."

त्यांनी मान खाली घातली. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. पण तू आत यायचंस."

दवाखान्यात ते आधी एकटेच आत गेले. बराच वेळ बोलणं चाललं होतं. मग तिला हाक आली. डॉक्टरीणबाईंनी आकड्यांवर काटा सरकणारी एक नळी पुढे केली. श्वास भरून जोरात फुंकायचं, म्हणजे छातीचा जोर कळतो.

"आधी ती," सासरे म्हणाले.

आता सूनबाईला त्याची सवयच झाली होती. स्टुलावर बसून तिने फुंकलं. काटा जेमतेम हलला. डॉक्टरांनी पुन्हा फुंकायला लावलं, मग आणखी एकदा. तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. सासऱ्यांनी फुंकलं तर काटा सरळ वर गेला.

"म्हणजे दमा नाहीच ना यांना?" सूनबाईचा आवाज फुटला. "मला कळलंय सगळं, डॉक्टर. त्यांना लेकीकडे जायचंय. मग एवढं खोकायची काय गरज होती?"

सासरे खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"दमा तुम्हाला आहे, त्यांना कधीच नव्हता," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला या स्टुलावर आणून बसवायचं, म्हणून ते इतके दिवस खोकत होते."