पालथा पेला

तिसऱ्या बाटलीलाही तोच वास होता. भिजून कुबटलेल्या पुठ्ठ्याचा.

सुनेने पेला पुन्हा हलवला. वाइन काचेवर चढली, सावकाश ओघळली. रंग जुन्या विटेसारखा, अगदी असायला हवा तसा. तिने नाक आत घातलं. सुक्या अंजिराचा वास नाही, जुन्या चामड्याचा नाही, मधाचा मागमूस नाही. नुसता पुठ्ठा.

समोर सासरे डोळे मिटून बसले होते. वाइन एकतीस वर्षांची, त्यांच्या मुलाच्या जन्मसालची. जुन्या मित्राचा आवाज ओळखावा तसं त्यांच्या ओठांवर हसू आलं. शेजारी नवरा. त्याने घोट तोंडात घोळवला, भांड्यात थुंकला आणि समाधानाने मान डोलावली. मग बायकोकडे बघून भुवई उडवली, म्हणजे माझ्याइतकीच मुरलीय बघ.

तिला हसता आलं नाही.

या घराची रीत साधी होती. तळघरातली बाटली वरच्या खोलीत आणायची, तिघांनी चाखायची, आणि सगळ्यांचे पेले टेबलावर टेकेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. वाइन चांगली असेल तर पेला सरळ ठेवायचा, बिघडली असेल तर पालथा. तिघांतला एक पेला जरी पालथा पडला तरी त्या सालची एकही बाटली विकायची नाही. तिसरी खुर्ची आधी सासूबाईंची होती. त्या गेल्यावर सासऱ्यांनी सख्ख्या पुतण्यांना डावलून ती सुनेला दिली. पुतणे कुरकुरले, की बाहेरून आलेली पोर. सासरे म्हणाले होते, नाकाला कुठलं आलंय माहेर-सासर.

त्या नाकाचाच आज भरवसा उरला नव्हता. पाच महिने ती बाळंतपणासाठी आईकडे होती. पोटुशी असताना वास उलटेपालटे होतात, हे तिने ऐकलं होतं. काहीजणींचे ते पुन्हा ताळ्यावर येतच नाहीत, हेही ऐकलं होतं. आज सकाळी ती परतली, बाळाला टोपलीत निजवलं आणि थेट या टेबलाशी येऊन बसली. उद्या या सालच्या दोनशे बाटल्या न्यायला गिऱ्हाईक यायचं होतं.

नवऱ्याचा पेला सरळ. सासऱ्यांचा सरळ. दोघेही तिच्या हाताकडे बघत होते.

पालथा घातला तर विचारतील, काय लागलं? ती पुठ्ठा म्हणेल. मग ते दोघे पुन्हा वास घेतील, आणि एकमेकांकडे बघतील. ते बघणं तिला आत्ताच दिसत होतं.

तिने पेला सरळ ठेवला. बोटं थरथरली, काच टेबलावर किणकिणली. बाळ उठलं असेल, असं काहीतरी पुटपुटून ती मागच्या अंगणात निघून गेली.

बाळ उठलं नव्हतं. भिंतीलगतच्या कोवळ्या उन्हात, टोपलीत, मुठी मिटून निजलं होतं. निकालाचं पाकीट उघडावं तशी घाबरत घाबरत ती वाकली आणि त्याच्या टाळूला नाक लावलं. दूध आलं. तेल आलं. मानेच्या वळीतला आंबूस घाम आला. मग दोरीवरची ओली दुपटी, भिंतीवरचं शेवाळ, पलीकडे कुठेतरी भाजत असलेला पाव. हाक मारावी आणि ओ यावी, तसा एकेक वास वेगळा, स्वच्छ येत होता. मग फक्त वाइननेच का ओ देऊ नये? भीती ओसरायची ती दुप्पट झाली.

मागे पावलं वाजली. सासरे होते, अंगात तोच लोकरी कोट. तळघरात गारठा असतो म्हणून बारा महिने तो त्यांच्या अंगावर असे. एक दिवस म्हातारबुवा घरी निजलेले असतील आणि कोट एकटाच कामावर येईल, अशी कामगार चेष्टा करत.

त्यांनी नातीला अलगद उचलून खांद्यावर घेतलं.

"हात थरथरला तुझा," ते म्हणाले. "घाबरू नकोस, पोरी. तुझ्या सासूचंही नाक बाळंतपणात गेलं होतं. सहा महिने माझा पेला बघून ती आपला ठेवायची. मी कुणाला कळू दिलं नाही. येईल परत. नाही आलं, तरी खुर्ची तुझीच."

तिचे डोळे भरून आले. ते लपवायला ती बाळाचं टोपडं सारखं करायला पुढे झाली. आणि तिथेच थबकली.

पुठ्ठा. कोटाच्या लोकरीत, बाहीत, सासऱ्यांच्या पांढऱ्या केसांत.

या कोटावर वाइनचा थेंबही कधी सांडला नव्हता. तो नुसता तळघरात असायचा, रोज, दिवसभर. म्हणजे तळघरालाच बुरशी धरली होती. बुचांतून ती आत झिरपली होती, एका सालात नव्हे, तिथे ठेवलेल्या प्रत्येक सालात. आणि हे दोघे बापलेक रोज तीच हवा श्वासात घेत होते. आपल्या घराचा वास आपल्याला येईनासा होतो, तसा तो त्यांना येईनासा झाला होता. बाहेर राहून आलेलं नाक या घरात एकच होतं.

मघापर्यंत तिला नाक गेल्याची भीती होती. आता ते शाबूत असल्याची भीती वाटत होती.

सासरे नातीला थोपटत होते. काही घाई नाही, असं म्हणावं तसे तिच्याकडे मायेने बघत होते. तिने बाळाला त्यांच्या खांद्यावरून हळूच काढून घेतलं.

"बाबा," ती म्हणाली, "माझं नाक नाही गेलं."