दहा प्रश्न

"सतरा नव्वे?"

"हंड्रेड फिफ्टी थ्री."

"मराठीत सांग."

"एकशे... फिफ्टी थ्रीला काय म्हणतात यार, आजोबा?"

"त्रेपन्न. चल, पुन्हा पहिल्यापासून."

खाली सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात पोरं ओरडत होती. बळवंतरावांनी उठून खिडकी लावून घेतली.

मे महिन्यात दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरी गॅस तसाच चालू ठेवून ते फिरायला गेले, तेव्हा मुलाने, हरीशने त्यांना नोएडाला आपल्याकडे आणलं. "सुट्टीभर ऋग्वेदचा अभ्यास घ्या, बाबा. पुढचं नंतर बघू." पुढचं म्हणजे पानिपतच्या अलीकडचा वृद्धाश्रम. त्याचं पत्रक त्यांनी हरीशच्या टेबलावर पाहिलं होतं. तेव्हाच त्यांनी ठरवलं, नातवाला असं तयार करायचं की आपल्याला हलवायचं नावच कुणी काढू नये. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. आठ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं तरी सुटका नव्हती. सुट्टी मुलांसाठी असते, हा गैरसमज बहुधा फक्त शाळांचा असावा.

संध्याकाळी मात्र पारडं फिरायचं. ऋग्वेद लाल पेन घेऊन मास्तर व्हायचा आणि दहा प्रश्न विचारायचा. आजोबांना हा खेळ फार आवडे. आजही ते हाताची घडी घालून शहाण्या मुलासारखे बसले.

"आज तारीख?"

"अठ्ठावीस जून, शनिवार."

"आपण कितव्या मजल्यावर राहतो?"

"चौदाव्या."

"ब्रेकफास्टला काय होतं?"

"पोहे. आणि तू शेंगदाणे काढून ठेवलेस."

दहाच्या दहा उत्तरं त्यांनी न अडखळता दिली. ऋग्वेद हाताचा आडोसा करून वहीत लिहीत होता.

तेवढ्यात हरीश आला. त्याने वही मागून घेतली आणि पानं उलटत खुर्चीवर बसला.

"बाबा, चिडू नका. तुमची स्मरणशक्ती तपासायला डॉक्टरांनी रोज दहा साधे प्रश्न विचारायला सांगितलं होतं. आम्ही विचारले असते तर तुम्हाला लागलं असतं, म्हणून ऋग्वेदला सांगितलं."

वही त्याने पुढे केली. पानोपानी लाल फुल्या होत्या. आजच्या पानावर दहा.

"आज तर तारीखही चुकलात."

"अरे, बरोबर सांगितली मी! सगळंच बरोबर सांगितलं!"

"तुम्हाला तसं वाटतं, बाबा. तोच तर आजार आहे." हरीशचा आवाज मायेचा होता आणि त्या मायेपुढे काही बोलायची सोय नव्हती. "मी तिकडे बोललोय. सोमवारी निघू."

बळवंतराव नातवाकडे वळले. रागापेक्षा त्यांना भीती वाटत होती.

"ऋग्वेद, बाळा, खरं सांग पप्पांना. मी काय उत्तरं दिली?"

ऋग्वेदने पेनाचं टोपण लावलं आणि बापाकडे पाहिलं.

"पप्पा, म्हणजे मंडेपासून पाढे बंद ना?"