ह्यांच्या बाजूची उशी

अंगावरच्या यंत्राचा सिग्नल अंगातच किती जिरतो, याचं गणित माझी नात मांडते. तिने माझ्या छातीवर ठोके मोजणारी पट्टी चिकटवली, खिडकीत सिग्नल पकडणारी डबी ठेवली. ठोके डबीपर्यंत पोचले तरच मी माझ्या घरात एकटी राहणार, नाहीतर लेकाकडे रवानगी. चालून झालं, बसून झालं. डबीचा हिरवा दिवा विझला नाही. मग म्हणाली, "आजी, रोजच्यासारखी झोप बघू." मी कुशीवर वळले आणि दिवा गेला. "तुझी पाठ आड येतेय. माझ्या गणितातली माणसं उताणी झोपतात गं. कूस बदल ना." "लग्नापासून ह्यांच्याकडे तोंड करून भांडत झोपले. हे गेले म्हणून आता खिडकीशी भांडू?" ती हसली. डबी उचलून तिने ह्यांच्या उशीवर ठेवली. दिवा लागला. हेही माझं असंच ऐकून घ्यायचे, हूं की चूं न करता.