शेवटच्या प्रकरणाचं स्थळ

रोहिणी तणतणतच पंचवटीतल्या अश्विनच्या डीटीपीच्या दुकानात शिरली. तिच्या कादंबरीचं प्रूफ पुन्हा चुकीचं आलं होतं. शेवटच्या प्रकरणाच्या डोक्यावर, उजवीकडे ठळक अक्षरांत, तिने स्थळकाळ दिला होता : ‘मनमाड, पहाट’. छापून आलं होतं ‘देवळाली कॅम्प, दुपार’.

“देवळालीत मी राहते, माझी पात्रं नाहीत!” ती अश्विनवर कडाडली. “थट्टा लावलीय का माझी?”

“ताई, शप्पथ, मी हातही लावला नाही.” त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिथे ‘मनमाड, पहाट’ असंच होतं. त्याने तिच्यासमोर पान छापलं.

‘देवळाली कॅम्प, आज दुपारी’.

“ऊठ!” रोहिणीने त्याला खुर्चीवरून उठवलं. ओळ पुसून तिने स्वतः मोठ्याने म्हणत एकेक अक्षर टाईप केलं आणि प्रिंट दिली. गरम कागद बाहेर आला.

‘देवळाली कॅम्प, आत्ता’.

अश्विन मशीनपासून मागे सरकला. रोहिणीने कागद चुरगाळून फेकला. घरी आई एकटीच होती. तिने फोन लावला.

“आई, घरी सगळं ठीक आहे ना?”

“अगं, आतल्या खोलीतून फोन कसला करतेस?” आई वैतागली होती. “मघाशी आलीस तेव्हापासून नुसती आदळआपट चाललीय तुझी. थांब, मीच येते आत.”

“आई, दार उघडू नकोस!” रोहिणी किंचाळली.

फोनमधून कडी काढल्याचा आवाज आला.