थोडे दिवस

"अजून दोन घोट, शालू. मग झालं."

रात्रीचे तीन वाजले होते. साखर अठ्ठावन्नवर उतरली होती, म्हणून मी तिला उठवून ग्लुकोजचं पाणी पाजत होते. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचायचं, तोवर तिला जागं ठेवायचं.

"आई, थोडे दिवस संपले का गं?"

आठ महिन्यांपूर्वी इस्पितळात तिला पहिलं इन्सुलिन टोचताना मीच म्हणाले होते, थोडेच दिवस. मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. इन्सुलिन बनवणाऱ्या तिच्या पेशी मेल्या आहेत, त्या परत येणार नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी तिने विचारलं की "संपतील हं" म्हणत आले.

आज ते तोंडातून निघेना.

"नाही संपायचे, बाळा. रोजच टोचावं लागणार."

"मोठी झाले तरी?"

"हो."

ती रडेल म्हणून मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही.

"म्हणजे तुला माहितीये?" तिने विचारलं. "इस्पितळात शेजारच्या खाटेवरची दहावीतली ताई होती ना, तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. तिला अजून टोचतात. मला वाटलं, तुला माहीतच नाही."

पलीकडे तिचा बाबा गाढ झोपला होता. ती माझ्या कानाशी आली.

"त्याला नको हं सांगूस. रडेल तो."

मग तिने आपणहून बोट पुढे केलं. चौऱ्याण्णव. मी पाचचा गजर लावला.